कट् वाजला की थांबायचं

इंजिनाचे बोल्ट कसे कसावेत हे परभणी जिल्ह्यात ज्याला शिकायचं असेल, त्यानं खुशाल माझ्याकडं यावं. मी विद्यापीठात क्लार्क असलो तरी ही विद्या मी घरच्या शेडमध्ये मिळवलीय, आणि तीही साक्षात सासऱ्यांच्या देखत!

झालं असं, की आमची जुनी स्कूटर इंजिनातून ऑइल गाळायची. माझा तिच्यावर फार जीव. पण माझी बायको सुकेशनी शिक्षिका. तिनं निकाल लावून टाकला. रविवारी संध्याकाळी महारुद्र भंगारवाला टेम्पो घेऊन येणार. तोवर गाडी नीट झाली तर राहील, नाहीतर जाईल.

मग मीही पेटलो. सांध्यातून ऑइल झिरपू न देणारं नवं गॅस्केट आणलं, टॉर्क रेंच मागवला. हा पाना मोठा समजूतदार. बोल्ट हवा तेवढा आवळला की ‘कट्’ वाजतो, आपण थांबायचं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे कसायचे, म्हणजे इंजिनाचं हेड सगळीकडून सारखं बसतं.

रविवारी सकाळी कामाला बसलो आणि नेमके तेव्हाच पूर्णेहून सासरे आले. भगवानरावांची सगळी नोकरी रेल्वेत रुळांचे नट आवळण्यात गेली आणि घरातही त्यांचा हात तोच. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला आम्हाला शेजारच्या बजरंगला बोलवावं लागतं.

पहिला बोल्ट ‘कट्’ वाजला आणि मी खुशीत हसलो. मामांनी कपाळाला हात लावला.

“तोडला ना बोल्ट, जावईबापू!”

त्यांनी लेकीलाही खबर दिली. तिनं मला काही न विचारता महारुद्रला फोन केला, की संध्याकाळची वाट बघू नका, आत्ताच या.

हा आवाज तुटल्याचा नाही, पुरे झाल्याचा आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. पण किती आवळायचं हे पान्यानं सांगावं, हा मामांना स्वतःचा अपमान वाटला. ते मागून हातभर लोखंडी पाइप घेऊन आले. पान्याच्या दांडीला पाइप लावून लटकायचं, ही त्यांची रीत.

“सरका तुमी. एक झटका देतो, मग जन्मात हलायचा न्हाई.”

“मामा, हा रूळ न्हाई. अ‍ॅल्युमिनियम हाय, आटे जातील.”

तेवढ्यात टेम्पो दारात. मी डाव्या हातानं मामांचा पाइप धरला आणि उजव्या हातानं कसत सुटलो. प्रत्येक ‘कट्’ला मामा डोळे मिटायचे, सुकेशनी “गेला अजून एक” म्हणायची आणि महारुद्र दोरीला गाठ मारायचा.

राहिलेलं सामान चढवलं, ऑइल भरलं, किक मारली. पहिल्याच किकला सुरू! खाली पेपर अंथरून गाडी बराच वेळ चालू ठेवली. एक थेंब नाही. मामांनी वाकून इंजिनाखालच्या पेपरवर बोट फिरवलं आणि कोरडं बोट सगळ्या गल्लीला दाखवत फिरले. महारुद्र गाठी सोडत रिकामा गेला. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

सुकेशनीनं गल्लीत एक चक्कर मारली आणि हसत परत आली.

“अहो, लय मस्त चालायलीय. उद्यापासून शाळेत मीच नेते.”

आता ती रोज सकाळी माझ्यासमोरून झोकात जाते आणि मी ऑटोत बसलेला असतो. ऑटोवाल्याला मी अभिमानानं सांगतो, “आवाज ऐकला का इंजिनाचा? बोल्ट मी कसलेत.”

तो म्हणतो, “सरकून बसा साहेब, अजून एक सीट घ्यायचीय.”