गाडी चालते की नाही

"एक लक्षात ठेवा," वकीलसाहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत गाडीकडे फिरकायचं नाही. बघायचंसुद्धा नाही."

मशीनवाल्याने मान डोलावली. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकी व्यवहारात मात्र सगळा आनंद. कर्ज काढून दुकान वाढवलं, ते बुडालं. मेहुण्याच्या बढतीच्या जेवणात भर दुपारी चार पेले चढवले, आणि परतताना पोलिसांनी त्याला रस्त्याच्या कडेला स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरताना पकडलं. लायसन्स जमा. एकाच महिन्यात दिवाळखोरी आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, दोन्ही गळ्यात. आता गाडीचा लिलाव झाला, तर मशीनं घरोघरी पोचवायची कशी, आणि खायचं काय? या विचाराने त्याला एका जागी बसवत नव्हतं.

वकीलसाहेबांनी दोन अर्ज ठोकून दिले. खटल्यात लिहिलं, गाडी बंद पडलेली आहे, जागची हलत नाही, अशील ती चालवणार कशी? दिवाळखोरीत लिहिलं, याच गाडीवर अशिलाचं पोट आहे, ती रोज धावते, सबब लिलावातून वगळावी.

"साहेब, हे जुळत नाही हो."

"न्यायाधीश दोन, खोल्या दोन. जुळवायला कोण बसलंय?"

आता नशीब बघा. तीन महिन्यांनी तारीख लागली आणि नेमके त्याच दिवशी एक न्यायाधीश रजेवर गेले. दोन्ही फायली एकाच बाईंच्या टेबलावर आल्या. मशीनवाला सकाळपासून पाण्याच्या पिंपापर्यंत जात होता आणि पाणी न पिताच परत येत होता. बायको दोन मशीनं पोचवून मागून येणार होती.

न्यायाधीशबाईंनी एक अर्ज वाचला, दुसरा वाचला, चष्मा पुसून पुन्हा पहिला वाचला.

"वकीलसाहेब, गाडी चालते की नाही?"

"प्रसंगानुसार, मॅडम."

बाईंनी मशीनवाल्याकडे मान वळवली. "तुम्ही सांगा."

"तीन महिने जागची हललेली नाही, मॅडम." एवढं तरी आपण खरं बोललो, म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

"मग धंदा?"

"बायको पोचवते मशीनं. बसने."

"एका मशीनचं वजन किती?"

"बारा किलो," म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक झाला. हा हिशेब त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तेवढ्यात शिपाई आत आला. "मॅडम, फाटकात कुणीतरी निळी गाडी आडवी लावलीय. आत शिलाई मशीनं आहेत."

मागच्या बाकावरून मशीनवाल्याची बायको उठली. हातात किल्ली. "माझीच आहे. दोन मिनिटांत काढते."

वकीलसाहेबांनी फाईल तोंडासमोर धरली.

"थांबा बाई," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुम्ही चालवता?"

"मशीन घेऊन बसमध्ये चढले तर लोक अंगावर येतात. म्हणून शिकले. हे गाडीकडे बघत नव्हते, त्यांना कळणार कसं?" तिने पर्समधून कोरं करकरीत लायसन्स काढलं.

"आणि त्या दिवशी यांनी चालवली होती?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मशीनवाल्याने खाली मान घातली आणि स्वतःच म्हणाला, "चालवली, मॅडम. जेवणाच्या हॉलपासून कोपऱ्यापर्यंत. मग भीती वाटली, थांबलो."

वर्षभर लायसन्स बंद आणि दंड. गाडी मात्र लिलावातून सुटली; धंदा चालतोय आणि तो कोण चालवतंय, हे फाटकात उभं होतं.

परत जाताना पुढच्या सीटवर एका गिऱ्हाइकाचं नवंकोरं मशीन बेल्ट लावून बसलं होतं. मशीनवाला मागे, दोन मशीनं मांडीवर घेऊन. प्रत्येक वळणाला त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पण गाडी वाचली होती.

"इतक्या वर्षांत तुला गाडी शिकवायला हवी होती गं मी," तो म्हणाला.

"बरं झालं नाही शिकवलीत," आरशात बघत ती म्हणाली. "कोपऱ्यावर झोपले असते."