घरच्या माणसाचा निरोप

ताडकळसच्या बन्सीधरला दिवसभर परसाकडं पळावं लागायचं आणि रक्त पडायचं. शेवटी थोरले बंधू माणिकराव त्याला परभणीला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस, पण समजावून सांगायची हौस फार.

"हे जंत नव्हेत, आवही नव्हे. शरीरात पहारेकरी पेशी असतात. शत्रू आला की त्या रसायनांतून एकमेकींना निरोप धाडतात. मग सूज येते, शत्रू मरतो, निरोप थांबतात. यांच्या आतड्यात शत्रू कुणीच नाही. घरचेच उगीच निरोप धाडत राहतात आणि आपलीच आतडी सोलून निघतात. या गोळ्यांनी निरोप थंडावतील, पण वेळ लागेल."

विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळं येताना एसटी रखडली आणि माणिकरावांना विचार करायला सवड मिळाली. घात झाला तो तिथंच.

"बन्सी, घरचंच मानूस निरोप धाडायलंय म्हन्ला न्हवं डॉक्टर?"

"दादा, ते पेशीचं म्हन्ले."

"पेशी कोर्टात असती, तारखेला. मला नको शिकवू. परवा सुलाबाईनं कंडक्टरजवळ बोरीला निरोप दिला का न्हाई?"

दिला होता. सुलाबाई म्हणजे मधल्या भावाची विधवा, माहेर बोरीचं. निरोप काय, तर 'भाऊजीच्या पोटाला सोसंल आसा जुना तांदूळ धाडा.' बन्सीधरला मऊ भात करून घालणारी घरात ती एकटीच. पण पोटी मूल नाही, पाठीशी कुणी नाही. संशय घ्यायला याहून सोयीचं माणूस कुठं मिळतं? आठवड्याभरात करणी तिचीच ठरली. "आवं, पर म्या काय केलं?" असं विचारतच बिचारी बोरीच्या गाडीत बसली.

बन्सीधर गोळ्या घेत राहिला आणि मेल्या गोळ्या लागू पडल्या. रक्त थांबलं.

"बघा!" माणिकराव पारावर सांगू लागले. "बया गेली आन् पोट ठिकानावर आलं."

"गोळ्यानं आलं, दादा!"

"गोळ्या ती असतानाबी गिळल्याच की. काय फरक पडला तवा?"

बन्सीधरच्या जिवाला लागलं. आपण बरे झालो की वहिनी चेटकीण ठरते, हे कसलं बरं होणं! मग त्यानं नाटक मांडलं. गोळ्या माळ्यावर टाकल्या आणि धडधाकट माणूस डबा घेऊन पुन्हा पळू लागला. पोट धरायचं, कण्हायचं, बाभळीआड उगीच बसून राहायचं. होता होता माणिकराव वरमले.

"आरं, म्हंजे सुलाबाई न्हवती की! उगं गरिबाला हाकललं. उद्या आनतो तिला."

बन्सीधरच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेच सांगायलोय दादा. कुनीच न्हाई."

"कुनीच कसं न्हाई? डॉक्टर काय येडा हाय? घरचंच मानूस हाय. पर कोन?"

माणिकरावांची नजर घरभर फिरली आणि बन्सीधरच्या बायकोवर, कमलबाईवर थांबली. ती भाकरी वाढत होती.

खरं सांगावं तर वहिनी बोरीतच कुजणार, न सांगावं तर बायको चालली. बन्सीधरनं तोंड उघडलं, तोच पोटात कळ आली. या खेपेला खरीच. डबासुद्धा न घेता तो धावत सुटला.

"बघा!" माणिकराव ओरडले. "हिच्याकडं नुसतं बघितलं आन् पोट कसं उठलं!"