रेडीची बातमी, स्कॉटलंडमार्गे

बापू नेरुरकर रोज सकाळी चहाबरोबर स्कॉटलंडचा टीव्ही बघतात. त्यातलं त्यांना अवाक्षर कळत नाही. भाषेचं नाव गेलिक. एक म्हातारा करड्या समुद्राकाठी जाळं शिवत काहीतरी सांगत असतो, मागे मेंढ्या उभ्या असतात, आणि इकडे जामसंड्यात बापू खुर्चीत बसून मान डोलावत असतात. मध्येच मांडीवर थाप मारून म्हणतात, "बरोबर बोललो तो!"

"काय बोललो?" मी एकदा विचारलं.

"ता माका काय म्हायत, मास्तरांनु? पण स्वतःच्या भाषेत बोललो. आणि ता पण टीव्हीर!"

हा टीव्ही त्यांना इंटरनेटवर चुकून सापडला. ते आपल्याकडचं हवामान शोधत होते, निघालं ते स्कॉटलंडचं. बापूंनी तेही शेवटपर्यंत बघितलं. मग कुठून तरी त्यांना कळलं की गेलिक बोलणारी सगळी माणसं आपल्या एखाद्या तालुक्यात मावतील, आणि त्यांची झोप गेली. "इतकुशी माणसा, आणि तेंचो स्वतःचो चॅनेल! आणि आमी?" हे विचारताना ते माझ्याकडे असे बघत, की जणू मालवणी चॅनेल मीच कुठेतरी लपवून ठेवलं आहे.

इथे बापूंचा पूर्वेतिहास सांगायला हवा. त्यांची सगळी नोकरी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी कचेरीत गेली. खिडकीशी येऊन कोणी "सायबानु, माझो दाखलो खंय रवलो?" म्हणाला, की बापू मान वर न करता सांगत, "शुद्ध मराठीत विचारा." एक काना चुकला म्हणून त्यांनी परत पाठवलेली माणसं अजून जिल्ह्यात हयात आहेत. निवृत्त होऊन गावी आल्यावर हेच बापू मालवणीचे कैवारी झाले. नव्याने माळ घातलेला माणूस जुन्या वारकऱ्यापेक्षा मोठ्याने टाळ वाजवतो, त्यातला हा प्रकार. आता बाजारात कोणी "कसे आहात?" म्हणालं तर बापू खेकसतात, "कशे आसात म्हणाक काय तोंड दुखता?"

केबलवाल्या दीपककडे एक स्थानिक चॅनेल आहे. त्यावर जत्रा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फर्निचरच्या जाहिराती लागतात. बापूंनी त्याला स्कॉटलंड इतकं ऐकवलं की शेवटी त्याने सुटका म्हणून संध्याकाळचा थोडा वेळ देऊन टाकला. तेव्हापासून जामसंड्यात रोज मालवणी बातम्या लागतात. लिहिणारे बापू, वाचणारे बापू आणि दुसऱ्या दिवशी बाजारात "बघितलंस?" म्हणून विचारणारेही बापूच. पोरं त्यांना लांबूनच बघून कुजबुजतात, "स्कॉटलंड इलो!"

स्कॉटलंडातला निवेदक लोकरीचा स्वेटर घालतो, म्हणून बापूही घालतात. एप्रिल असो, मे असो, आमचा निवेदक तांबड्या स्वेटरात घामाने निथळत आंब्याच्या बागायतदारांना उष्म्यात काळजी घ्यायला सांगतो.

दुसरी उसनवारी पट्टीची. गेलिक कार्यक्रमांखाली इतरांना समजावं म्हणून इंग्रजी पट्टी येते. बापूंनी आपल्या मालवणीखाली शुद्ध मराठीची पट्टी सुरू केली. इथे दोन्ही भाषा ज्याला कळत नाहीत असा एकही प्राणी नाही, पण स्कॉटलंडात पट्टी असते! वर बापू म्हणतात, "काल बाजारात बैल उधळलो आणि भाजयेचो हारो उलटो केल्यान." खाली येतं, "सदर बैलाने भाजीच्या पाटीस उपद्रव दिल्याचे निदर्शनास आले आहे." वर मालवणीचे कैवारी, खाली ओरोसचे कारकून. एकाच पडद्यावर दोन बापू.

आणि शेवटी, न चुकता, रेडीची बातमी.

रेडी आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोव्याला टेकलेलं. दीपकची केबल तिथे जात नाही. तिथे पाऊस पडला काय नि न पडला काय, जामसंड्याच्या कौलाला फरक पडत नाही. तरी रोज रेडी. कधी बंदराची, कधी यशवंतगडाची, कधी कुणाच्या फणसाची. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. "स्कॉटलंडात लांबच्या बेटाची बातमी पण देतत."

बातम्या दुपारी चित्रित होतात आणि संध्याकाळी लागतात. त्या लागल्या की बापू घरातून बाहेर पडतात. "स्वतःक बघूचा नसता," म्हणतात. मी मनात म्हणायचो, प्रसिद्धीचा कंटाळा दाखवायलाही प्रेक्षक लागतोच. घरात टीव्हीसमोर वहिनी एकट्या असतात. त्या फारच कमी बोलणाऱ्या. "या, बसा, चहा घेणार ना?" एवढंच, आणि तेही छापल्यासारख्या मराठीत. इतकी वर्षं शेजारी राहून याहून लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

परवा दीपक माझ्या पडवीत येऊन बसला. रडकुंडीला आला होता.

"मास्तर, तुमीच सांगा तेंका. रेडीची बातमी खोटी देतत हो! बँकेत एक साहेब रेडीचो आसा. तो म्हणता, गडाकडचो वड पडाक नाय, देवळाचो कळस वाकडो जावक नाय, काय एक जावक नाय! फाल्या माझ्यार केस झाली तर? एक तर रेडी बंद, नायतर बातम्यो बंद."

मी बापूंकडे गेलो. दीपकचं म्हणणं ऐकून ते एकदम नरमले. "स्वेटर काढतंय," म्हणाले. "पट्टी काढतंय. स्कॉटलंडाचा नाव घेणंय नाय." मग म्हणाले, "पण रेडी ऱ्हवांदे."

"मग निदान खरी बातमी द्या!"

"खरी देवन काय उपयोग?"

एका कान्यासाठी माणूस ओरोसहून परत पाठवणारा हा मनुष्य! मी चिडून घरी आलो. पण दीपकला उत्तर द्यायचं होतं, म्हणून संध्याकाळी पुन्हा निघालो. बातम्या चालू होत्या. पुढच्या दारी बापू नव्हते. वळसा घालून मागे गेलो तर ते खिडकीखाली, कढीलिंबाच्या आडोशाला उभे. अनवाणी, चपला हातात. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

आत टीव्हीवरचे बापू सांगत होते, "रेडीत जेटीकडची जुनी विहीर लोकांनी बुजवन टाकली."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!"

मी दचकलो. आवाज वहिनींचा होता.

"विहीर खंय बुजयली रे, मेल्या? कालच भावाचो फोन इललो, थंयच पाणी भरतत! आमी चेडवा सांजेक थंयच बसत होतव. एकदा माझी कळशी पडली, तर आवशीक काय सांगूचा म्हणान गावभर रडत फिरलंय, आणि कळशी खंय? तर शेजारणीच्या न्हाणयेत! आणि ह्यो सांगता बुजयली! बघूक गेल्लंस काय रे तू?"

त्या बोलत राहिल्या. विहिरीवरून माडावर, माडावरून कुठल्याशा लग्नावर. मग एकट्याच खळखळून हसल्या. वहिनींचं माहेर रेडीचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते कधी जोडून बघितलं नव्हतं, इतकंच.

बापू माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ओरोसाक क्वार्टर्सात मीच तिका सांगितलंय. सायबांच्या बायलांसमोर असा बोलू नको, माका लाज येता. ती गप झाली ती झालीच. रिटायर झालंय तेव्हा म्हटलंय, आता बोल गो. तर म्हणता कशी, 'बोलते की.'"

मी खिडकीकडे मान वळवली.

"खरी बातमी दिली तर नुसती ऐकता," बापू म्हणाले. "खोटी दिली की बोलता."

आत फर्निचरची जाहिरात सुरू झाली. वहिनींचा आवाज थांबला. बापू चपला पायात घालून पुढच्या दाराकडे गेले आणि मोठ्याने खाकरले.

"आलात?" आतून वहिनी म्हणाल्या. "पानं घेऊ का?"

"घे."

पुढे भांड्यांचा तेवढा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी दीपकच्या दुकानात गेलो. म्हटलं, "बापूंका स्वेटर काढूक सांग हवो तर. पण रेडी ठेव, आणि पट्टी पण ठेव. रेडीच्या बातमीखाली लिही, 'सदर वृत्ताची खातरजमा व्हावयाची आहे.' बँकेतलो साहेब गप बसतलो."

दीपकने माझ्याकडे संशयाने बघितलं. "खात्री नाय ती बातमी रोज देवची, आणि खाली तसा लिवचा? असा खंय असता, मास्तर?"

"स्कॉटलंडात," मी म्हणालो.