दात असलेली अळंबी

मी बनवलेली खोटी वस्तू कुणालाही ओळखता येत नाही. ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि मी माझ्या खोलीत बसून हिरडी, दात, दातांवर वयाप्रमाणे चढलेला पिवळेपणा, सगळं हुबेहूब उभं करतो. माझी कवळी बसवून एक गृहस्थ दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले आणि नव्या बायकोला वर्षभर पत्ता लागला नाही. तेव्हा लपवाछपवीच्या खेळात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. यातली कॅश म्हणजे रोकड नव्हे, हे आधीच सांगतो, कारण मीही त्याच आशेने गेलो होतो. कुणीतरी बागेत, पुलाखाली, कुठेही एक छोटी डबी लपवतं आणि जागेचा ठावठिकाणा मोबाइलच्या ॲपवर टाकतं. बाकीचे फोन हातात धरून ती शोधतात, आतल्या कागदाच्या पट्टीवर सही करतात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. बक्षीस शून्य. ही साथ बायकोने ऑफिसातून आणली आणि आमचे रविवार तिच्यात गेले.

शोधायची ती. मी सोबत असायचो. कठड्याचा एक बोल्ट पोकळ निघाला, तो तिने काढला. झाडाच्या सालीमागे चुंबक निघालं, तेही तिनेच. एकदा एका भिंतीवर नुसताच नळ होता. मी तो सोडला, पाणी येईना, म्हणून पाणीखात्याला नावं ठेवत उभा राहिलो. हिने अख्खा नळच भिंतीतून उपसला. मागे पाइप नव्हता, डबी होती.

"तुम्ही शोधू नका," ती म्हणाली, "तुम्ही पाणी प्या."

त्या दिवशी मी ठरवलं. शोधणं हे हलकं काम आहे, लपवणं ही कला आहे.

दोन आठवडे खपून मी एक अळंबी घडवली. वरची टोपी हिरडीच्या गुलाबी ॲक्रिलिकची, तिच्यात बारीक लाल शिरा. टोपीखाली झालरीसारखे पांढरे दात, कारण दात शिल्लक होते. देठ पोकळ, त्यात सहीची पट्टी. वर अशी चकाकी दिली की आत्ताच दव पडलंय असं वाटावं.

"कशी आहे?" मी विचारलं.

बायकोने ती उलटसुलट केली. "कुणाच्या तरी तोंडातून पडल्यासारखी आहे."

आमच्या भागातल्या मोठ्या बागेच्या सुपरवायझरला मी रीतसर विचारलं, की एक छोटी डबी ठेवू का. तो फोनवर कुणाला तरी झापत होता. त्याने मान हलवली. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, कोरड्या ओढ्यापलीकडे, एक उन्मळलेलं झाड आडवं पडलंय. त्याच्या बुंध्याला मी अळंबी चिकटवली, ठिकाण ॲपवर पाठवलं आणि मंजुरीची वाट बघत बसलो.

मंजुरीआधी ताईचा फोन आला.

ताई माझी मोठी बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या सकाळी हौशी लोकांना त्याच बागेत झाडं दाखवत हिंडवते. तिचा आवाज कधी चढत नाही. मी बारावीला नापास झालो तेव्हा आई रडली, बाबा ओरडले, ताईने "बरं" म्हटलं आणि चहा टाकला. त्या दिवशी मात्र तिचा आवाज थरथरत होता.

"मला आज एक अळंबी दिसली. अशी मी कधी पाहिली नाही. पुस्तकातसुद्धा नाही."

"कसली?" मी म्हणालो.

"गुलाबी. आणि खाली दात आहेत रे. पायवाट सोडायची नाही हा नियम माझाच, म्हणून दुर्बिणीतूनच पाहिली. फोटो काढलेत. म्हटलं, दातांचं तुला विचारावं. कुठल्या दातांसारखे वाटतात?"

तिने फोटो पाठवला. इथे खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं, हे मला कळत होतं. पण माझ्या कामाबद्दल ताईने माझं मत विचारलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"पटाशीचे," मी म्हणालो. "वरचे."

"पटाशीचे," ती लिहून घेत म्हणाली. "छान. मी सरांना कळवते."

सर म्हणजे तिचे गुरू. निवृत्त झालेत, पण बुरशी म्हटली की अजून गाडी पकडून कुठेही जातात. ते पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं. "कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता जा आणि काढून आणा."

मी गेलो. बुंध्याभोवती दोर बांधला होता. पाटी लागली होती: 'दुर्मीळ. हात लावू नये.' शेजारी खुर्ची टाकून सुपरवायझर स्वतः बसला होता, हातात झारी.

"साहेब, तुमची डबी दुसरीकडे ठेवा," तो म्हणाला. "इथे आता मुंगीलाही सोडत नाही. मॅडमची ऑर्डर आहे. सर येईपर्यंत त्या स्वतःही जवळ जाणार नाहीत."

"पाणी कशाला घालताय?"

"तासातासाने घालतो. सकाळपासून बोटभर वाढलीय."

मी ॲक्रिलिकमध्ये इतकी वर्षं काढली आहेत. ते वाढत नाही. पण हे सांगणार कसं?

तेवढ्यात ॲपवर मंजुरी आली. दुसऱ्या दिवसापासून फोन हातात धरलेली माणसं दोराभोवती घिरट्या घालू लागली. सुपरवायझरला वाटलं, हे सगळे अळंबीचे चाहते. त्याने त्यांची रांग लावली. नोंद मागे घ्यावी म्हणून मी ॲपशी झगडलो, तर चुकून 'आवर्जून पाहा' असं कायसं दाबलं गेलं. गर्दी दुप्पट झाली.

"ताईंना सांगा," बायको रोज म्हणायची. चहा देताना, भाजी चिरताना, दिवा मालवताना.

शनिवारी मी ताईकडे गेलो. ती सूक्ष्मदर्शक पुसत होती. घर आवरलेलं, सरांसाठी जाड उशी बाहेर काढलेली.

"ताई, ती अळंबी खोटी निघाली तर?"

"खोटी कशी निघेल? कोण कशाला करेल?" ती पुसतच होती. मग म्हणाली, "माझा प्रबंध वाचून सर काय म्हणाले होते, तुला कधी सांगितलं नाही. म्हणाले, तुझ्याकडे चिकाटी आहे, नजर नाही. वाईट हेतूने नाही म्हणाले. पण तेव्हापासून मी प्रत्येक लाकूड वाकून बघते."

मी तिने दिलेला चहा प्यायलो आणि घरी आलो.

रविवारी सर आले. लहानखुरे, पाठीत वाकलेले, गळ्यात दोरीला भिंग. ताईची मंडळी, रांगेतली मंडळी, झारीसह सुपरवायझर, सगळे जमले होते. सर ओढा ओलांडून बुंध्यापाशी गुडघ्यावर बसले. मागे ताई. तिने दोन्ही हात छातीशी धरले होते. शेवटी माझ्याने राहवलं नाही, मी दोराखालून आत घुसलो.

सरांनी भिंगातून पाहिलं. मग नखाने टोपीवर टिचकी मारली. टक् असा आवाज झाला. पुन्हा मारली. पुन्हा टक्.

"हे कुणी केलंय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ताईने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काम सुबक आहे," सर म्हणाले. "काढा आता."

मी अंगठ्याने दाबून, थोडी हलवून, अळंबी उपटली. सोबत सालीचा तुकडाही आला. खाली ओल धरलेलं लाकूड होतं, आठवडाभराच्या झारीने भिजलेलं. सर उठू लागले. मंडळी पांगू लागली. सुपरवायझरने झारी खाली ठेवली.

ताई मात्र वाकली. सवयच ती. बराच वेळ तशीच राहिली.

"सर," ती म्हणाली, "हे बघा."

सालीखाली राखाडी डाग होता, नखाएवढा. मला तर तो मळ वाटला. सर पुन्हा गुडघ्यावर बसले. भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"हे काय आहे, मला सांगता येत नाही," ते अखेर म्हणाले. "घरी नेऊन बघू. मला तर हे दिसलंच नव्हतं."

ताईने "बरं" म्हटलं. तिचे कान लाल झाले होते. डबीत नमुना घेताना तिचा हात अजिबात हलला नाही. जाताना ती माझ्यापाशी थांबली. "तुझ्याशी नंतर बोलेन. महिनाभराने." पुढे जाऊन ती मागे वळली. "पटाशीचे, वरचे," एवढंच म्हणाली आणि निघाली. मला वाटतं ती हसत होती, पण पाठमोऱ्या माणसाचं नक्की सांगता येत नाही.

सुपरवायझरने दोर पुन्हा बांधला, आता त्या डागाभोवती. "याच्यात बघण्यासारखं काही नाही," तो खिन्नपणे म्हणाला. तरी खुर्ची सरळ करून बसला.

मी अळंबी हातात धरून उभा होतो. रांगेतलं एक जोडपं पुढे आलं. "काका, ती जरा देता का?" मी दिली. त्यांनी देठ फिरवला, पट्टी काढली, दोघांनी सह्या केल्या, पुन्हा गुंडाळून घातली आणि अळंबी माझ्या हातात नीट परत ठेवली. नियमच आहे तसा.

संध्याकाळी बायकोने ॲपवरचा त्यांचा अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला.

'लपवण्याची जागा: मालकाचा हात. अगदी सोपं. लहान मुलांना घेऊन जाता येईल.'