फक्त बाह्य वापरासाठी

बिशपकाकांना तीन महिन्यांपासून कोणाला तरी क्षमा करायची होती, पण संधीच मिळत नव्हती.

लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात काका मुद्रितशोधक होते. बाटल्या, डबे, बरण्या यांच्यावर जे काही छापायचं, ते आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. काकांची सही झाली की मशीन सुरू. रविवारी चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर बसत आणि सोमवारी तिथलं प्रवचन छापखान्यात पुन्हा करत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. तीन महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी एका नव्या मुलीला त्यांच्या हाताखाली दिलं आणि सांगितलं, "काका, आजपासून तुम्ही हिचे मार्गदर्शक. सोपी लेबलं हिलाच तपासून सही करू द्या."

काकांना हे वरून आलेलं बोलावणं वाटलं. कामाच्या जागी ख्रिस्ती मूल्यं कशी दिसतात, हे आता ते जगाला दाखवणार होते. सेवा, नम्रता, क्षमा असा क्रम त्यांनी वहीत लिहून काढला. सेवेसाठी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, पण मुलगी घोट्यापर्यंत नाडीचे बूट घालून यायची. मग काकांनी तिचा चहाचा कप धुतला, सगळ्यांना दिसेल असा. नम्रता तर ते दिवसातून चारदा मोठ्या आवाजात व्यक्त करत. अडलं होतं ते क्षमेपाशी. ही पोरगी चुकतच नव्हती.

"काही चुकलं तर सांग हं, घाबरू नकोस," काका रोज आशेने म्हणत.

"नाही काका, सगळं ठीक आहे," ती म्हणे. काकांचा चेहरा पडे.

आणि मग एका सोमवारी जॅमवाले आले. हातात बरणी, चेहरा बरणीतल्या जॅमइतका लाल.

"वाचा!" त्यांनी बरणी मालकीणबाईंच्या टेबलावर आपटली.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. "अस्सल स्ट्रॉबेरी जॅम. फक्त बाह्य वापरासाठी. दुखऱ्या भागावर हलक्या हाताने चोळावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे."

मशीनमनला हसू आवरेना, म्हणून तो मशीनमागे गेला.

"मुलांसाठीच तर बनवतो आम्ही!" जॅमवाले ओरडले. "वीस हजार बरण्या दुकानांत गेल्या! एका आजीबाईंचा फोन आला, गुडघ्याला आराम पडलाय म्हणतात, पण मुंग्यांचं काय करू?"

मालिशच्या तेलाचा मजकूर जॅमच्या लेबलावर चढला होता. मालकीणबाईंनी विचारलं, "हे कोणी पाहिलं होतं?"

काकांनी नव्या मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. काकांचं हृदय आनंदाने उचंबळलं. नुसती क्षमाच कशाला, आता तर तिचा दोष आपल्या शिरावर घेण्याची सोय झाली होती!

"चूक माझी आहे," काका दोन पावलं पुढे येऊन म्हणाले. आवाज थोडा कापला. तो त्यांनी मुद्दामच कापू दिला होता. "शिक्षा मला करा. ही लहान आहे."

सगळे गहिवरले. मालकीणबाईंनी डोळे टिपले. जॅमवालेसुद्धा नरमले आणि म्हणाले, "अशी माणसं राहिली नाहीत हो." ते गेल्यावर मालकीणबाई काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे, काका. पण मला कळतं ना चूक कोणाची ते. शनिवारपर्यंत बघते, नाहीतर तिला कमी करते."

काकांना हे थोडं खटकलं, पण कौतुकाच्या गोडीत विरून गेलं. रविवारी चर्चमधल्या तरुणांपुढे त्यांचं भाषण होतं, 'कामाच्या जागी ख्रिस्ती मूल्ये'. तिथे दाखवायला म्हणून त्यांनी मशीनमनकडून ते मूळ प्रूफ मागून घेतलं.

प्रूफवर तारीख होती दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची. त्या गुरुवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून मुलगी रजेवर होती. खाली सही होती, ठसठशीत आणि वेलांटीदार. कोपऱ्यात त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मुद्दा दुसरा : नम्रता'.

काका मटकन खाली बसले. त्या गुरुवारी ते भाषण लिहीत होते.

गप्प बसायची फार इच्छा झाली. कागद खिशात घातला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण पोरीची नोकरी जाणार होती. शेवटी ते उठले आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, ती चूक माझी आहे."

"हो काका, ऐकलं मी सकाळी."

"नाही, म्हणजे खरंच माझी आहे!"

"पुरे आता. किती मोठं मन करायचं माणसाने!"

काकांनी प्रूफ पुढे केलं. बाईंनी सही बघितली आणि पुन्हा डोळे टिपले. "तिच्यासाठी मागाहून सहीसुद्धा केलीत?"

काका जसजसे तावातावाने आपला गुन्हा सांगू लागले, तसतसे ते बाईंना अधिकच संत वाटू लागले. हताश होऊन ते घरी गेले आणि बायकोला सगळं सांगितलं.

"तुम्हीच केली असणार," ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

काकांना तिच्याविषयी इतकं प्रेम लग्नानंतर प्रथमच वाटलं. "उद्या माझ्याबरोबर ऑफिसात चल. हेच तिथे सांग."

दुसऱ्या दिवशी बायको इस्त्रीची साडी नेसून आली. मालकीणबाईंसमोर बसून तिने तीस वर्षांची साक्ष दिली. नवरा भलत्याच लग्नाला जाऊन जेवून आला होता. पत्र शेजाऱ्याच्या पत्त्यावर टाकलं होतं. स्वतःच्या मुलीचं नाव शाळेत घालताना मेहुणीचं लिहिलं होतं. "ती शेवटपर्यंत त्याच नावाने शिकली, बाई," ती म्हणाली. "शुद्धलेखन येतं यांना. लक्ष नसतं."

अर्ध्या तासाने मालकीणबाईंनी हात जोडले. "पटलं."

मग त्यांनी नव्या मुलीला बोलावलं. "अगं, तू का नाही बोललीस?"

मुलगी अवघडली. "काकांना वाईट वाटलं असतं."

"पण मग हे तीन महिने यांच्या हातून एकही चूक कशी बाहेर गेली नाही?"

मुलीने नाइलाजाने आपला खण उघडला. तीन महिन्यांची प्रूफं होती. प्रत्येकावर काकांची सही आणि सहीनंतर पेन्सिलने, बारीक अक्षरात, केलेल्या दुरुस्त्या. मशीनला जाण्याआधी रोज जेवणाच्या सुट्टीत ती सगळं पुन्हा वाचत होती. फक्त त्या गुरुवारी ती नव्हती.

काकांच्या बायकोने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मला तरी सांगायचंस," काका पुटपुटले.

"कसं सांगू? तुम्ही रोज इतक्या आशेने विचारायचात, मी काही चुकले का म्हणून."

काकांचे कान तापले. या वेळी आवाज आपोआप कापला आणि तो त्यांना आवरता येईना. "मला क्षमा कर, पोरी."

"ते कधीच झालं, काका," ती म्हणाली, जणू खिडकी लावली का असं कोणी विचारलं होतं.

मालकीणबाईंनी निकाल दिला. काकांनी स्वतः जॅमवाल्यांकडे जाऊन माफी मागायची, नवी लेबलं चिकटवायला बसायचं, आणि उद्यापासून मुलगी त्यांची मार्गदर्शक. रविवारच्या भाषणाला काकांनी स्वतःच नकार कळवला. घसा बसला, असं कारण सुचलं होतं, पण ते खोटं म्हणून शेवटी 'तयारी नाही' एवढंच सांगितलं.

सकाळी मुलीने त्यांच्यासमोर फरशी धुण्याच्या द्रावणाचं प्रूफ ठेवलं. "मोठ्याने वाचा, काका. शब्दावर बोट ठेवून."

काका वाचू लागले. पाचव्या ओळीत त्यांचं बोट थांबलं. 'फरशी पाण्याने पुरून घ्यावी' असं छापलं होतं. "सापडली!" ते खुर्चीतून उठलेच. "पुसून हवं! पुसून!"

"छान," मुलगी प्रेमाने म्हणाली. "वरच्या चार ओळींत अजून दोन आहेत."