निव्वळ काळा

पारखी हे त्यांचं आडनाव नव्हे. साडूने, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याने, कुचेष्टेने दिलेलं ते टोपणनाव. त्यांनी मात्र ते मानपत्रासारखं स्वीकारलं. पारखी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे बसत. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही म्हणून कुणी आलं, की चष्म्याच्या वरून बघत ते एकच प्रश्न विचारत, "बटण चालू आहे का, ते बघितलंत?" विचारण्याची तऱ्हा अशी, की माणूस खरोखर बघून आलेला असला तरी ओशाळून घरी परत जाई.

साडूने एका दुपारी दुकानात जाऊन समोर दिसला तो टीव्ही उचलून आणला होता. वर "चित्र दिसतंय, अजून काय पाहिजे?" असं तोंडावर म्हणालाही होता. या अडाणीपणाला उत्तर म्हणून पारख्यांनी वर्षभर अभ्यास केला. पडदा सिनेमा आणि गेम या दोन्हींसाठी सर्वोत्तम हवा होता. सिनेमा स्वतःसाठी, गेम कॉलेजातल्या मुलीसाठी. अभ्यासाअंती सत्य हाती लागलं. रंग काय, कुठलाही टीव्ही दाखवतो. टीव्हीची लायकी कळते ती काळ्यावरून. साध्या टीव्हीचा काळा हा मुळात राखाडी असतो. साडूचा राखाडी होता. पारख्यांना तेव्हापासून शांत झोप लागू लागली. आता एवढंच साडूच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

टीव्ही आला तो अर्धी भिंत व्यापून. पण खिडकीचा उजेड पडद्यावर पडून काळ्याची अब्रू जात होती, म्हणून जाड पडदे आले. मग पांढऱ्या भिंतींचं प्रतिबिंब खुपू लागलं, म्हणून भिंतींना कोळशाचा रंग लागला. मग घरच्यांनी फिके कपडे घालून दिवाणखान्यात यायचं नाही, असा हुकूम निघाला. "अहो, तुमचं टक्कल चमकतंय त्यात," असं बायको म्हणाली, तेव्हापासून पारखी घरातही टोपी घालू लागले. टीव्हीच्या तळाशी बारीक लाल दिवा होता. त्यावर काळी पट्टी चिकटली. टीव्हीचा आवाज पडद्याच्या मानाने हलक्या कुळातला निघाला, म्हणून तो बंद केला. लायकीचे स्पीकर अजून यायचे होते.

पुढे त्यांनी कुठेसं वाचलं, की एकच आकृती फार वेळ पडद्यावर राहिली तर कायमचा डाग पडतो. गेममध्ये कोपऱ्यात गुण दिसत राहतात. गेम बंद.

"बाबा, टीव्ही गेमसाठी घेतलाय ना?"

"गेमसाठीच घेतलाय. म्हणून काय त्यावर खेळायचं?"

पारख्यांच्या आईच्या बातम्यांखाली पट्टी सरकत असे. बातम्याही बंद. आई स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ ऐकू लागली.

सगळी सिद्धता झाल्यावर रविवारी दुपारी साडूला बोलावलं. पारख्यांनी मुद्दाम निवडलेला सिनेमा समुद्राच्या तळाशी, गडद काळोखात सुरू होत असे. पडदे ओढले, दिवे मालवले, सगळे सोफ्यावर बसले. पारख्यांनी रिमोट दाबला.

"आता बघा," ते म्हणाले. "हा काळा. निव्वळ काळा. राखाडीचा थेंब सापडला तर सांगा."

साडूने डोळे ताणले. टोमणा मारायला जागाच सापडेना. माणूस तसा सरळ, बराच वेळ बघून म्हणाला, "मानलं बुवा. आमच्याकडे हा काळा नाही. आमचा अगदीच मिळमिळीत."

ऐकू आलं नाही असं सांगून पारख्यांनी त्याच्याकडून हे पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग त्यांना जोर चढला. खरी करामत बारकाव्यात असते, हे त्यांनी समजावलं. डावीकडे पाणबुड्या पोहतोय, काळ्यावर काळा. साध्या टीव्हीवर तो दिसलाच नसता.

"दिसला," साडू म्हणाला. "दोन आहेत बहुतेक."

मुलीला खोकल्याची उबळ आली. काळोखातून आईचा शांत आवाज आला.

"अरे, बटण चालू आहे का, ते बघितलंस?"

पारख्यांनी रिमोट पुन्हा एकदा दाबून बघितला.

"सकाळीच बंद केलंय मी. कुणी बघायचं नाही, कुणी खेळायचं नाही, मग उगाच कशाला चालू ठेवायचं?"

पारखी उठले. वाटेत टीपॉयवर गुडघा आपटला, पण ओरडण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही हे त्यांना कळलं होतं. बटण दाबल्यावर कंपनीचं नाव भिंतभर पांढरंशुभ्र उजळलं. त्या उजेडात काळ्या भिंती, काळ्या कपड्यांतलं कुटुंब आणि टोपी घातलेला यजमान असे सगळे दिसले. घरातलं कुणीतरी नुकतंच गेलं असावं, असा तो देखावा होता.

मग समुद्र आला. खरोखर काळा, वर्षभराच्या अभ्यासाचं चीज करणारा. साडू भिडस्तपणे थोडा वेळ बघत बसला.

"वाईट नाही," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, मघाचा काळा काही औरच होता."

पारखी गुडघा चोळत राहिले.

"घरी गेलो की," साडू चपला घालता घालता म्हणाला, "आमचाही एकदा बंद करून बघतो."