मधल्या सीटवरचं इंजिन

सांगायला लावताय म्हणून सांगायचं, नाहीतर तोंड दुखवण्याएवढं यात काही नाही: माउंटिंगचे रबर झिजल्यापासून येसबा गावडेच्या जीपचं इंजिन बॉनेटखाली बसायचं सोडून मधल्या सीटवर बसत होतं.

इंजिन ज्या चार रबरांवर बसतं त्यांना माउंटिंग म्हणतात. एवढंही ज्याला ठाऊक नाही त्यानं जीपमध्ये बसू नये, पण बसतात. येसबाचे रबर दिवाळीपासूनच गेले होते. गाडी उभी असली की आरसा थरथरायचा, गिअरचा दांडा हातात नाचायचा, निघताना पुढं धपकन आवाज व्हायचा. मग एके सकाळी पाणी घालायला त्यानं बॉनेट उघडलं तर आत मोकळं. इंजिन मागं, रोजची पॅसेंजर हौसाबाई आणि दुधाच्या कॅनच्या मधे. गाडी चालायची तशीच चालत होती. हौसाबाईचं म्हणणं एवढंच, की रोज डावाच गुडघा शेकतो, कधी उजव्या बाजूलाही बसायला सांगा त्याला.

फाट्यावर वडापचा, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खासगी जीपचा, नियम आहे. दहा सीट झाल्याशिवाय गाडी हलत नाही. गाड्यांचे नंबर लावायचा आणि वहीत लिहायचा मान जालिंदर खोताचा. त्यानं काचेतून बोट फिरवून मोजलं.

"धा. काढा गाडी."

"नऊ हायेत," येसबा म्हणाला. "धावं इंजिन हाय."

"बसलंय का?"

"बसलंय."

"मग सीट हाय. मागच्या गाड्या खोळंबल्यात."

आणि लिहिलं वहीत. चूक झाली ती इथं. वडापमध्ये सीट म्हणून मोजलेल्यानं 'हितं थांबवा' म्हटलं की गाडी थांबते, तिथं घर असो नाहीतर नुसती बाभळ. चोवीस वर्षांत येसबानं मागितल्या जागी कोणाला उतरवलं नाही असं झालं नव्हतं, आणि मागितल्याशिवाय कोणाला मधे सोडलंही नव्हतं. त्याचं फाट्यावर जे काही नाव होतं ते एवढ्यावरच. आता रस्त्यात तांबडखिंडीचा तीन मैलांचा उतार. उतारावर गाडीला ब्रेकपेक्षा इंजिन जास्त धरून ठेवतं. तेच तिथं उतरतो म्हणालं तर नऊ माणसांचं काय, हा विचार येसबाला जेवताना यायचा.

तो जालिंदरकडं गेला. "इंजिन वहीतनं खोड."

"खोडाखोड केली की वही घाण दिसती. सगळ्या डायव्हरांची मीटिंग लागंल."

"कवा?"

"सगळे गावले की."

मग तो अल्लाबक्ष मिस्त्रीकडं गेला. अल्लाबक्षनं रिकाम्या बॉनेटमध्ये वाकून चारी रबर अंगठ्यानं दाबून बघितले. भाकरीसारखे तुटत होते.

"चालवायला धोका हाय का?" येसबानं विचारलं.

"थोडं दिवस चालतं. पर येसबादादा, इंजिनचे हिसके आधी रबर खातो. रबर गेला की पाइप खातो. पाइप गेला की गिअरचा दांडा. मग माणसं खात्यात. तुमचा हात बघू."

येसबानं हात पुढं केला. गाडी बंद होती तरी हात थरथरत होता.

"हे कवापासनं?"

"वय झालं म्हनलं."

"वय न्हाय हे. नवे रबर बुधवारी येतील. तवर खिंडीत जाऊ नका."

पण मंगळवारी बाजार असतो. येसबा गेला नसता, पण हौसाबाईच्या सुनेचे टाके काढायचे होते आणि बाकीच्या गाड्या बाजारच्या फेरीला गेल्यानं तालुक्याला दुसरी गाडी दुपारपर्यंत नव्हती. नऊ माणसं आणि इंजिन घेऊन तो निघाला. दुसऱ्या वळणावर मागनं आवाज आला.

"हितं थांबवा."

येसबानं आरशात बघितलं. "खाली वाडीत उतर की. दीड मैल ऱ्हायलंय."

"हितंच," इंजिन म्हणालं.

"घाटात थांबा देत न्हाय मी."

"काल कोंडिबाला दिला हुता."

दिला होता, ते खरं होतं. मागच्या सीटवर बसलेल्या कोंडिबाला तेव्हा पोटात कळ आली होती. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, ही रीत त्याची नव्हती. पण त्यानं उतरवायचं ते क्रमानं उतरवलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासून उभी केली, हातब्रेक ओढला. आधी सुनेला, मग हौसाबाईला, मग बाकीच्यांना खाली घेतलं. चारी चाकांना धोंडे लावले, कोंडिबाला एकेकावर उभं राहून बघायला लावलं. मग मधलं दार धरून म्हणाला, "या."

इंजिन उतरलं आणि कठड्यावर जाऊन बसलं. खालच्या ओढ्याकडं बघत राहिलं. गाडी जागची हलली नाही. हळूहळू त्याची थरथर थांबली. तेव्हा हौसाबाईनं आपल्या हाताकडं बघितलं, सुनेनं आपल्या; तेही थरथरायचे थांबले होते. येसबानं विडी पेटवली, तर काडी एका दमात विडीला लागली. अशी काडी त्याची कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

"दमलंय," हौसाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे बाबा त्याला."

माणसं वाडीपर्यंत चालत गेली. तिथून सुनेला दुधाच्या टेंपोनं तालुक्याला नेलं, टाके वेळेवर निघाले.

बुधवारी येसबा आणि अल्लाबक्ष नवे रबर घेऊन टेंपोनं खिंडीत आले. अल्लाबक्षनं इंजिन बांधायला साखळदंड आणला होता. येसबानं तो टेंपोतच ठेवायला सांगितलं. रबर बसवले, बॉनेट उघडं ठेवलं आणि इंजिनला विचारलं, "बघून घेता का?"

इंजिननं एकेक रबर दाबून बघितला. "मऊ हायेत," म्हणालं. "खिंडीत रोज पाच मिनिटं पायजेत मला."

"दिली."

तेव्हापासून इंजिन बॉनेटखाली बसतं. दुसऱ्या वळणावर येसबा धोंडे लावतो, सगळे खाली उतरतात, पाच मिनिटांनी सगळे परत बसतात. कोणाची तक्रार नाही.

वहीत मात्र मंगळवारच्या पानावर लिहिलंय, 'गावडे यांनी एक सीट घाटात सोडली.' येसबानं सोडली नव्हती, सीटनं मागितलं होतं. नऊ माणसं साक्षीला आहेत, इंजिन स्वतः फाट्यावर उभं राहून सांगून आलं. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि अजून चार माणसांत चुकलो म्हणालेला नाही तो जालिंदर खोत.